उन्हात ठेवा म्हणून विकायचं आणि उन्हात ठेवलं म्हणून वॉरंटी नाकारायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला सोलर पॉवर बँकवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते, पण डोकं इतकं तापलं होतं की म्हटलं एक रात्र जाऊ द्यावी. रात्र गेली, राग काही गेला नाही. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो आणि लोक त्यात छापलेलं खरं मानून चालतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

नागपूरकरांना ऊन फुकट आहे, पॉवर बँक सकाळी गच्चीवर ठेवा, संध्याकाळी फुल चार्ज, हे वाक्य तुम्ही चौकटीत मोठ्या अक्षरात छापलंय. सोबत फोटो कुठला, तर बर्फाच्या डोंगरात पाठीला बॅग लावून चाललेल्या माणसाचा! त्या थंडीत जे चालतं ते नागपूरच्या मे महिन्यात गच्चीच्या तापलेल्या स्लॅबवर चालेल का, एवढा एक प्रश्न तरी छापण्याआधी कोणी विचारायला हवा होता. आणि तोही नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, तोंडावर आलेला असताना.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या मुलालाही जमेल असं गणित आहे. 20000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 20 अँपिअर-तास, त्याला आतल्या सेलच्या 3.7 व्होल्टने गुणलं की 74 वॉट-तास वीज. तिच्या पाठीवर जे काळं पॅनल असतं ते मोबाईलएवढं. कडक उन्हात एका चौरस मीटरवर साधारण 1000 वॉट पडतात, चांगलं पॅनल त्यातले 20 टक्क्यांच्या आसपास विजेत बदलतं, म्हणजे मोबाईलएवढ्या जागेतून दीड, फार तर दोन वॉट. मे महिन्यात दिवसभराचं ऊन सगळं मिळून सहा-सात तासांच्या पूर्ण उन्हाएवढं भरतं. मग दिवसाला झाले दहाएक वॉट-तास. 74 भरायला आठवडा, आणि मध्ये वाया जाणारं धरलं तर त्याहून जास्त. संध्याकाळी फुल कशी होणार? कंपनी कोणतीही असो, किंमत कितीही असो, तेवढ्याशा पॅनलवर तेवढंच ऊन पडतं.

पण हिशोब चुकला म्हणून मी एवढी चिडले नसते. माझा दादा काटोलकडे असतो, संत्र्याची बाग आहे. अंबिया बहाराची फळं झाडावर असताना मे महिन्यात पाणी तोडता येत नाही, आणि शेतीच्या लाईनची रात्रपाळी आली की रात्री उठून मोटर चालू करायला जावं लागतं, साप-विंचवाच्या दिवसात, हातात टॉर्च घेऊन. घरची लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टॉर्च आणि फोन दोन्ही चार्ज राहावेत यासाठी त्याने मागच्या वर्षी सीताबर्डीच्या एका दुकानातून ही सोलर पॉवर बँक घेतली. डब्यावर सूर्याचं मोठं चित्र. दुकानदारानेही सांगितलं की उन्हात ठेवली की झालं. दादाने तसंच केलं, रोज विहिरीच्या कठड्यावर ठेवायचा. थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला, "बाई, हा डबा तं फुगून राह्यला ना वं, पाठ उघडून राह्यली त्याची."

मी त्याला आधी ओरडून सांगितलं की हात लावू नको, चार्जिंगला लावू नको, घरात तर आणूच नको. आतली लिथियमची सेल फुगली म्हणजे ती कधीही पेट घेऊ शकते. आणि ती फुगणारच होती! लिथियम सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच 44-45 अंशांपर्यंत जाते, मग उन्हात ठेवलेला काळा डबा 65 च्या पुढे सहज जातो. म्हणजे पॅनलला ऊन पाहिजे, त्याच्याच पोटातल्या बॅटरीला सावली पाहिजे, आणि दोघांना चिकटवून एक वस्तू बनवून ती आपल्याला विकतात.

दादा आला तेव्हा आम्ही दोघं ती घेऊन दुकानात गेलो. वॉरंटी शिल्लक होती, बिल होतं. त्या माणसाने डबा नुसता लांबून पाहिला आणि म्हणाला, मॅडम, ही उन्हात ठेवलेली दिसते, यात वॉरंटी मिळत नाही. मी विचारलं, अहो सोलर आहे ना ही? तर आतलं मुंगीएवढ्या अक्षरातला कागद काढून दाखवला, जास्त तापमानात ठेवू नये असं इंग्रजीत लिहिलेला. बाहेर सूर्य छापायचा आणि आत उन्हात ठेवू नका म्हणायचं, ही सरळ फसवणूक आहे. बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर दादाकडे असं पाहिलं की जणू खेड्यातल्या माणसाला वस्तू वापरता येत नाही. दादा काही बोलला नाही, चल म्हणाला. मला मात्र ते अजून सलतं. आणि काल तुम्ही तोच सल्ला शहरभर वाटला!

सोलर वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट नीट वापरलं तर आपल्या भागासारखा भाग नाही. दादाकडे आता घडीचं पॅनल आहे, 20 वॉटचं, त्यात बॅटरी नाहीच, नुसतं यूएसबीचं तोंड आहे. पॅनल उन्हात आणि साधी पॉवर बँक वायरने जोडून झाडाच्या सावलीत, बस. पॅनल तापलं की तेही कमी देतं, 25 अंशांच्या वर दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के, त्यामुळे मे महिन्यात 15 टक्क्यांच्या आसपास तिथेच जातात, तरी बाकीचं वाया जाणारं धरूनही बारा-चौदा वॉट हातात येतात. टॉर्चमधली 18650 ची सेल (पेन्सिल सेलपेक्षा थोडी मोठी, लिथियमची) म्हणजे नऊ-दहा वॉट-तास, ती सकाळीच भरते. फोन थेट पॅनलला लावायचा नाही, कारण ढग आला की चार्जिंग तुटतं आणि ऊन परत आलं तरी काही फोन पुन्हा नीट सुरू होत नाहीत, आधी पॉवर बँक भरायची आणि रात्री तिच्यावरून फोन. पॅनलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज धाडकन उतरते, कारण आतले तुकडे एकामागे एक जोडलेले असतात. खिडकीच्या काचेआड ठेवू नये. मेमध्ये दुपारी सूर्य आपल्या डोक्यावर असतो म्हणून आडवं पसरलं तरी चालतं, डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे तोंड करून चांगलं 45 अंश उभं करावं लागतं. रेडिओ किंवा घड्याळाच्या पेन्सिल सेल असतील तर रिचार्जेबल घ्याव्यात आणि यूएसबीवर चालणारा छोटा चार्जर, चार सेलला मिळून दहा वॉट-तासही लागत नाहीत. यातलं एकही वाक्य तुमच्या अर्ध्या पानाच्या लेखात नाही. नागपंचमीच्या आधी इथून किती लोक पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला जातात, त्यातला कोणी हा लेख वाचून पावसाळी ढगात तो डबा बॅगेला लटकवून निघाला आणि सातपुड्याच्या पहाडात त्याचा फोन बंद पडला तर त्याने काय करायचं?

तेव्हा विनंती आहे की दुरुस्ती छापा, आणि आतल्या पानाच्या तळाशी नको, त्याच पुरवणीत, तशाच चौकटीत छापा.

आणि आता विषय निघालाच आहे तर दुसरंही सांगते. ती फुगलेली पॉवर बँक परत घ्यायलाही दुकानदार तयार नव्हता, कचरागाडीत टाका म्हणाला. कचरागाडीत लिथियम बॅटरी? गाडीत दाबली गेली, भोक पडलं की आग, आणि गाडीवरची माणसं उघड्या हातांनी कचरा वेगळा करतात. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि आयात करणाऱ्यावर आहे. मग त्या गोळा कुठे होतात? फुगलेली, फाटलेली बॅटरी कोण घेतं? मी विचारलं तिथे प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. वर्ष होत आलं, ती वस्तू आमच्या मागच्या अंगणात वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे, घरात लहान मुलं आहेत म्हणून वरून फरशी ठेवलीय. तुमच्या बातमीदाराला जरा या कामाला लावा आणि नागपुरात अशी बॅटरी नेमकी कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळेत घेतात त्याचा पत्ता छापा, मी दुसऱ्याच दिवशी नेऊन देते.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नागपूर