करंट पोयिंदी

पम्या,

तुझे तीन मिस्ड कॉल बघितले बे, मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मधेमधे बोलतोस आणि मग माझी गोष्ट अर्धी राहते. म्हणून लिहितोय, निवांत वाच.

बारा दिवस सोलापुरात होतो. हुतात्मा एक्सप्रेसनं रात्री उतरलो आणि आत्याला सांगितलं की रेसिडेन्सीसाठी आलोय, तर ती एकदम चिडली, "घर असताना लॉजमध्ये कशाला उतरतोस?" तिला समजावता समजावता मलाच नीट कळलं की आपण काय करायला आलोय. संगीतकारानं एका गावात मुक्काम टाकायचा, तिथल्या वाजवणाऱ्यांबरोबर, पोरांबरोबर बसायचं, थोडं बोलायचं, जास्त ऐकायचं आणि जाताना सगळ्यांनी मिळून एक नवीन काहीतरी वाजवायचं. आत्या म्हणाली, म्हणजे कीर्तनकाराचा सप्ताह. म्हणलं हो, तसंच धर.

कॉलेजातलं भाषण पहिल्याच दिवशी उरकलं. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बॅनरवर 'चित्रपट संगीतातील करिअर' असं छापलेलं, मी आयुष्यात एका पिक्चरला संगीत दिलेलं नाही हे तुला माहितीये. सत्काराला शाल नाही, चादर दिली, ते मात्र आवडलं. प्रश्न एकच आला, रिअ‍ॅलिटी शोच्या ऑडिशनला कुठलं गाणं घ्यावं. मानधनाचा चेक अजून 'प्रोसेसमध्ये' आहे.

खरं काम पूर्व भागातल्या एका शाळेत होतं. सहावी ते नववीची तीसेक पोरं आणि त्यांच्या जोडीला लग्नाच्या बँडमधले सहा काका. पोरं बहुतेक पद्मशाली विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू, शाळेत मराठी, एकमेकांत दोन्हीची मिसळ. मी पुण्याहूनच ठरवून गेलो होतो की पॉवरलूमचा आवाज घ्यायचा. धोट्याची ये-जा, खटखट खटखट, त्याच्यावर पोरांच्या टाळ्या, वरून ट्रम्पेट, फार भारी वाटत होतं कागदावर. तीन पानं लिहूनही झाली होती. दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं मोबाईलवर रेकॉर्ड केलेला मागाचा आवाज लावला, तर पोरं गप्प. मग सातवीतली एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, हा आवाज घरी दिवसभर असतोच की. इथं परत कशाला?"

पम्या, मी इतका ओशाळलो ना. ते पोरगं घरातल्या खटखटीतून जरा बाहेर पडायला गाण्याच्या तासाला येतंय आणि मी पुण्याहून येऊन त्याला तीच खटखट कला म्हणून ऐकवतोय. तीन पानं तिथंच बाजूला ठेवली.

मग म्हणलं तुम्हीच सांगा, घरी दुसरं काय ऐकू येतं? आणि मग जी सुरू झाली ती गडबड. मागाच्या आवाजात आई कशी ओरडून बोलते, आणि बाहेर दुकानात गेली तरी तेवढ्याच आवाजात बोलते. बाबा नुसत्या ओठांवरून ओळखतात चहा पाहिजे की पाणी. आणि लाईट गेली की सगळे माग एकदम थांबतात, आधी कानात काहीतरी दबल्यासारखं होतं, मग शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो, गल्लीतलं कुत्रं ऐकू येतं, आजोबांचा खोकला ऐकू येतो, आणि सगळी गल्ली तेलुगूत ओरडते, "करंट पोयिंदी!", लाईट गेली. ते म्हणून दाखवताना तीसच्या तीस पोरं एका सुरात, एका लयीत ओरडली, कुणी शिकवलेलं नसताना. म्हणलं झालं, हेच आपलं.

म्हणजे माग वाजवायचाच नाही, माग थांबल्यानंतरचं वाजवायचं. आता ही आयडिया माझी नव्हे, त्या पोरीची आहे, हे तुला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू उगाच कौतुक करशील.

मधल्या दिवसांत त्यांना अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचं ते नुसत्या टाळ्यांचं शिकवलं, १९७२ चं, आपण हॉस्टेलच्या गच्चीवर करायचो आणि वॉचमन शिव्या द्यायचा ते. आठवतंय ना, बारा मात्रा, तीन टाळ्या, गप, दोन, गप, एक, गप, दोन, गप. एक गट तेच धरून बसतो, दुसरा एकेक मात्रा पुढं सरकत जातो, आणि बारा वेळा सरकला की परत पहिल्यासोबत येतो. कागद दाखवलाच नाही, एकतालाच्या बारा मात्रा हातावर मोजून घेतल्या. लेझीम खेळणारी पोरं होती त्यांना दोन तासांत जमलं बे, आपल्याला महिना लागला होता. एकजण म्हणाला, "सर, एकच मात्रा सरकली की दोघंपण चुकलालेत असं वाटतंय, पण कोणच चुकलालं नाही." इतकं सोपं करून मला आजवर सांगता आलेलं नाही.

आता बँडवाल्या काकांचं ऐक. क्लॅरिनेट दोन, ट्रम्पेट दोन, एक युफोनियम, एक साईड ड्रम. स्टाफ नोटेशन कुणाला नको, वहीत सारेगम, ते पण स्वतःच्या खुणांनी. मी पोरांच्या गळ्याचा अंदाज घेऊन सगळं पेटीच्या पांढरी तीन पट्टीला बसवलेलं. क्लॅरिनेटवाले काका, साठीचे, बघून हसले. "सर, तुमच्या पेटीला सगळ्या पट्ट्या सारख्या, आमच्या बोटांना नाहीत." बरोबरच होतं त्यांचं, त्यांची वाद्यं बी फ्लॅटची, माझ्या पांढरी तीनला त्यांना सहा शार्प संभाळत बसावं लागणार. काळी पाचला, म्हणजे बी फ्लॅटलाच, या म्हणाले, आमचा सा तिथंच आहे. पोरांना पण काळी पाच छान लागली, उगाच मी घाबरत होतो. ऑर्केस्ट्रेशनची पुस्तकं वाचून झालेला माणूस मी, आणि हे वरातीत चालत चालत वाजवणारा माणूस दोन वाक्यांत सांगून गेला.

अडचण एकच, तीथ. लग्नाची तीथ असली की काका गायब. एका दिवशी तर सहापैकी एकटा साईड ड्रम आला, तो पण अर्ध्या तासानं निघाला. मग तो तास मी गोष्टी सांगण्यात घालवला. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी १९१८ च्या सुमाराला अनाथ पोरं गोळा करून बँड उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचं नलतरंग केलं, ते सांगितलं. व्हेनिसच्या अनाथाश्रमात विवाल्डी पोरींना व्हायोलिन शिकवायचा आणि त्यांच्यासाठीच लिहायचा, ते सांगितलं. विवाल्डीचं कुणाला फार पडलेलं नव्हतं. पण बंदुकीच्या नळ्या म्हणल्यावर दुसऱ्या दिवशी एक पोरगं घरून मागाचे लोखंडी तुकडे घेऊन आलं, वेगवेगळ्या लांबीचे, सुतळीला टांगून. पाचपैकी दोन सुरात होते. दोन काय कमी आहेत? घेतले. म्हणजे माग शेवटी आलाच बघ आत, पण माझ्या मोबाईलमधून नाही.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणातच केला, हुतात्मा स्मृती मंदिर घेऊ असं एकजण म्हणत होते, मीच नको म्हणलं, तिथं आयाबाया बुजल्या असत्या. नऊ मिनिटांचा तुकडा. आधी टाळ्या, त्यात बँड चढत चढत येतो, जवळजवळ वरातीएवढा आवाज, आणि मग "करंट पोयिंदी!" आणि एकदम बंद. बारा मात्रा काहीच नाही. आता रिहर्सलला हे जमलेलं, पण लोकांना कुठं माहीत, त्यांना वाटलं संपलं, टाळ्या सुरू. मी घामाघूम. पोरं मात्र हलली नाहीत, मनात मोजत उभी, आणि पुढच्या रांगेतलं एक बारकं पोरगं मागं वळून लोकांवरच ओरडलं, "अजून हाय!" सगळं पटांगण हसलं आणि मग खरोखर गप्प झालं. त्या गप्पपणात लांबून कुठल्यातरी कारखान्यातले माग ऐकू येत होते. मग ते दोन लोखंडी तुकडे, टण्... टण्, आणि खालून क्लॅरिनेट.

त्या पोरीची आई नंतर भेटली, अगदी जवळ उभी राहून मोठ्यानं बोलत होती, आणि पोरगी माझ्याकडं बघून हसत होती.

आत्यानं शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं एक पार्सल तुझ्यासाठी दिलंय, माझ्याकडं पडलंय, पुढच्या रविवारी पनवेलला येतो. काल रात्री साडेअकराला क्लॅरिनेटवाल्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. वरातीहून घरी जाताना गाडी थांबवून वाजवलेला, मागं ट्रकचे हॉर्न. स्वतःची चाल आहे, काळी पाचमध्येच, सोळा मात्रांची, शेवटची ओळ अर्धवट. खाली लिहिलंय, "सर हे कुठं घालायचं?" सकाळपासून सहा वेळा ऐकलंय, मला अजून सुचलेलं नाही. तुला पाठवतो, ऐकून ठेव.

तुझा,
बाळ्या