मधमाश्यांच्या घराची शाकारणी

मेस्तकाका,
सादर नमस्कार.

हे पत्र कागदावर लिहून हातात दिलं असतं तर तुम्ही न वाचताच घडी करून खिशात ठेवलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते. तुमची नात मोबाइलवर वाचून दाखवीलच. शिवाय आपल्या गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे हल्ली कुळागरांतून, म्हणजे माड-पोफळीच्या बागांतून, मधपेट्या ठेवणारे बरेच झाले आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांनाही पावसाआधी कळावं, असं फार वाटतं.

गेल्या जुलैतली गोष्ट. आषाढाची झड लागलेली, चार दिवस ऊन नाही. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हा माश्यांचा दुष्काळच. माडाची पोय फुटते, सुपारीचा पराग मिळतो, पण माशी बाहेर पडेल तर ना! अशा वेळी मी वरच्या रिकाम्या मधकोठीत साखरेच्या पाकाची वाटी ठेवते, एक माप साखर, एक माप पाणी. माश्या बुडू नयेत म्हणून वर चार काड्या. त्या आठवड्यात वाटीला आंबूस वास येऊ लागला. पाक जुना झाला असेल म्हणून टाकला, नवा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहते तर मी ठेवली होती त्यापेक्षा वाटी जास्त भरलेली! पाक पिऊन कमी व्हायचा तो वाढला कसा? काड्यांना धरून सात-आठ माश्या मरून पडल्या होत्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की छप्पर गळतंय.

त्यानंतर मी जे केलं ते सांगायला जड जातं, तरी सांगते. पत्र्यावरच्या खिळ्यांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. गळती थांबेना, तेव्हा अख्खी पेटी जाड प्लास्टिकने गुंडाळली आणि सुतळीने आवळली. बाहेरचं पाणी थांबलं, आणि आत पाणी तयार होऊ लागलं. पेटीत पिल्लं असतात त्या भागाची ऊब माश्या ३३ ते ३५ अंशांच्या आसपास सांभाळतात. ती ऊब, माश्यांचा श्वास, पाकातून उडणारी वाफ, यातलं काहीच बाहेर जाईना. आतल्या झाकणाला थेंब लटकले, फळीला बुरशी धरली. भर पावसात माश्या दाराशी ओळीने बसून पंखांनी वारा घालत होत्या. मी खिडकीतून बघत होते आणि मला वाटत होतं, किती उत्साह आहे यांना! जीव घुसमटत होता त्यांचा.

पेटी जिथून घेतली होती तिथे फोन केला. नवी पेटी घ्या आणि वसाहत तिच्यात हलवा, असं उत्तर मिळालं. भर आषाढात, बाहेर फूल नसताना, पोळ्यांच्या चौकटी उघड्यावर काढून! आपली देशी सातेरी माशी घर सोडायला वेळ लावत नाही. त्याच्या आदल्या श्रावणात याच पेटीतली पहिली वसाहत मला न सांगता निघून गेली होती. उरली होती रिकामी पोळी आणि त्यांत मेणकिड्याची जाळी. तेव्हा मी राणीला दोष दिला होता. सातेरी हे आपल्या ग्रामदेवतेचंही नाव. घरातून लक्ष्मी उठून गेल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा तेच होणार या भीतीने मी तुमच्या दारात आले. तुम्ही मधमाश्यांचं काम कधी केलं नव्हतं. पण वाड्यावरची अर्धी छपरं तुमच्या हातची आहेत, एवढं मला माहीत होतं.

तुम्ही हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी सुतळी कापून प्लास्टिक काढून टाकलंत. मग म्हणालात, "पयलीं उदक खंयच्यान येता तें पळोवया." आधी पाणी कुठून येतं ते पाहू. छप्पर उचललंत आणि पेटी उघडी पडू नये म्हणून घरून आणलेलं जुनं इरलं तिच्यावर पालथं घातलंत. शेतात लावणीला वाकलेल्या बाईसारखी दिसत होती ती पेटी! पुढचे दोन दिवस ती इरल्याखालीच होती, आणि आत एक थेंब गेला नाही.

वसरीवर तुम्ही ते छप्पर आतून पुसून घेतलंत, खडूची पूड चोळलीत, आणि वरून तांब्याने सावकाश पाणी सोडलंत. आपण दोघं खाली वाकून बघत होतो. मी मागच्या उजव्या कोपऱ्याकडे डोळे लावले होते, कारण थेंब तिथेच पडायचा. पण खडू आधी भिजला तो पुढच्या बाजूच्या एका खिळ्याशी. तिथून फळीच्या रेषेरेषेने ओल मागे सरकत गेली आणि कोपऱ्यात जाऊन टपकली. आठवडाभर मी जिथे लांबी भरत होते तिथे भोक नव्हतंच.

आणि पाणी मागे का जातं, याचंही उत्तर तुम्हीच काढलंत. पेटीखालच्या घोडीचा मागचा पाय चिखलात दोन बोटं रुतला होता. मुंग्या चढू नयेत म्हणून ठेवलेल्या पाण्याच्या वाटीसकट. पेटी मागे कलली होती. खरं तर ती दाराच्या बाजूला किंचित उतरती हवी, म्हणजे आत गेलेलं पाणी दारातूनच बाहेर येतं. हे मी प्रशिक्षणात वहीत लिहून घेतलेलं होतं. तुम्ही पायाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवलात, आणि निम्मं काम तिथेच झालं.

उरलेलं काम इथे सविस्तर लिहिते, कारण ज्यांना लागेल त्यांनी ते करावं. पत्र्यावर वरून मारलेले खिळे सगळे काढले. गंजून त्यांची भोकं मोठी झाली होती. फळी एकदम तापवली तर पिळवटते, म्हणून ती चुलीपासून लांब, दोन दिवस सावकाश सुकवली. भोकांत फणसाच्या लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकल्या आणि त्यांवर जुन्या पोळ्यांचं मेण कोमट करून चोळलं. वासाचा रंग नको आणि डांबरही नको, एवढं मी म्हटलं होतं, त्यावर मेण तुम्हाला सुचलं. नवा ॲल्युमिनियमचा पत्रा फळीवर थेट न बसवता मध्ये दोन बारीक पट्ट्या दिल्या, म्हणजे उन्हाळ्यात मधून हवा खेळेल. पत्र्याच्या कडा दोन बोटं खाली दुमडल्या आणि खिळे फक्त त्या दुमडलेल्या कडेला, बाजूने मारले. डोक्यावर एकही खिळा नाही. चारी बाजूंना वळचण ठेवली, म्हणजे पागोळ्या पेटीच्या भिंतीवर न पडता बाहेर पडतील. वळचणीच्या आडोशाला, पुढे आणि मागे, जाळी लावलेलं एकेक भोक.

फक्त एका जागी मी तुम्हाला अडवलं. आतलं झाकण फुगून वाकलं होतं, ते तुम्ही नवं केलंत आणि चौकटींवर घट्ट टेकवायला निघालात. चौकटी आणि झाकण यांत माशीला चालता येईल एवढी, सात-आठ मिलिमीटरची वाट ठेवावीच लागते. कमी ठेवली तर माश्या चिरडतात, जास्त ठेवली तर तिथेच पोळं बांधून झाकण चिकटवून टाकतात. लँगस्ट्रॉथ नावाच्या अमेरिकन पाद्र्याने १८५१ मध्ये ही फट ओळखली आणि तिच्याच जोरावर आजच्या सुट्या चौकटींच्या पेट्या उभ्या आहेत. मी हे सांगू लागले तर तुम्ही कानामागची पेन्सिल काढून त्या फटीत आडवी ठेवलीत आणि "इतकी?" म्हणून विचारलंत. बरोबर तेवढीच. आता मीही पेन्सिलीनेच मोजते.

तुम्हाला दोन डंख बसले. पावसाळ्यात सगळ्या माश्या घरात असतात, चिडलेल्या असतात. तुम्ही पंचा तोंडाला गुंडाळलात आणि काम चालू ठेवलंत. मजुरीचं विचारलं तेव्हा म्हणालात, गळणाऱ्या घराचे पैसे घेऊ काय? पत्र्याचे तेवढे घेतलेत, तेही मी पिशवीत टाकले म्हणून.

चवथीला पेटी उघडली. आतलं झाकण कोरडं होतं. तीन चौकटी मेणाने बंद केलेल्या पिल्लांनी सलग भरलेल्या. मी गणपतीवरच्या माटोळीची फळं बांधायची सोडून तिथेच उभी राहिले, घरच्यांनी दोनदा हाक मारली. पुढे रानात किंदळ फुलला, मग काजूला मोहोर आला, आणि गेल्या आठवड्यात पहिला मध काढला, साडेतीन किलो. दोन चौकटी भरलेल्या तशाच सोडल्या आहेत, पावसाळ्यातली बेगमी.

काका, मे महिना आला की आपण सगळे छपरावर चढतो, फुटकी कौलं बदलतो, भिंतींना झापा बांधतो. अंगणातल्या या एका घराची शाकारणी मात्र मी दोन वर्षं विसरले होते, आणि त्यात एक वसाहत गेली. यंदा अक्षय्य तृतीया झाली की दोन्ही पेट्यांची छपरं वसरीवर घेणार आहे, खडू लावून, तांब्याने पाणी ओतून. दुसऱ्या पेटीचा पत्रा अजून वरून खिळे मारलेलाच आहे. तो मी स्वतः बदलणार आहे. तुम्ही फक्त खुर्चीवर बसून बघा, चुकलं तर सांगा.

इरलं अजून आमच्याकडेच आहे. त्याची एक कामटी सुटली होती, ती बांधून घेतली आहे. रविवारी सकाळी ते आणि मधाची बाटली घेऊन येते. बाटली परत करू नका.

आपली,
खालच्या वाड्यावरची, मधपेट्यांवाली