काकीला पुण्याला नेऊ नकोस

फोंडा, गोवा

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

काकीला पुण्याला घेऊन जावे आणि घर विकून टाकावे, असे तुझ्या मनात आहे, हे वाचून दोन दिवस चैन पडले नाही. फोनवर एवढे बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या वाड्यावर आज संध्याकाळी फिरलास तर दिवा प्रत्येक घरात दिसेल, पण बहुतेक घरांत साठीच्या आतले माणूस भेटणार नाही. त्यातही बायकाच जास्त. नवरे आधी गेले, मुले पुणे, बंगळूर, आखात नाहीतर बोटीवर. काही जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून पार इंग्लंडला पोचले.

हे असे का झाले याचा मी शाळेत शिकवता शिकवता बराच विचार केला आहे. १९६०च्या गणतीत गोव्यात सहा लाखसुद्धा माणसे नव्हती, १९७१ला ती आठ लाखांच्या घरात गेली. १९६१ला पोर्तुगिजांपासून मुक्ती मिळाल्यानंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या त्या याच काळात, आणि तेव्हाच्या पोरांनी त्या भरून वाहिल्या. ती पोरे आता साठी ओलांडताहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या खात्यावर महिन्याला दोन हजार रुपये जमा होतात ते दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे, म्हणजे भाऊसाहेबांच्याच नावाचे. ज्यांना त्यांनी पाटी-पेन्सिल दिली, त्यांच्या म्हातारपणालाही त्यांचेच नाव लागले. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

त्यांच्यामागून येणारे मात्र थोडे. २०११च्या जनगणनेत गोव्यात साठीवरची माणसे शेकडा ११.२ होती, देशात ८.६. राज्यांमध्ये केरळ तेवढे आपल्या पुढे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इथे बाईमागे सरासरी १.३ मुले निघाली. लोकसंख्या आहे तेवढी राहायची तर २.१ लागतात. हिशेब करून बघ: शंभर माणसांत पन्नास बायका धरल्या तर त्यांच्यामागे पासष्ट मुले आणि बेचाळीस नातवंडे.

यावरून ग्रामसभेत कोणी आजकालच्या मुलींना बोल लावू लागले की माझे डोके तापते. मुली शिकल्या, नोकरीला लागल्या, लग्ने उशिरा झाली. बाळंतपणे इस्पितळात होऊ लागली, जन्मलेले मूल जगू लागले, मग चार-पाच मुलांची गरजच उरली नाही. माझ्या आजीने आपली तीन मुले पुरली होती. ते दिवस परत यावेत असे कोण म्हणेल?

आणि राज्याच्या आकड्यावरून गावाची खरी स्थिती कळत नाही. बाहेरून कामाला येणारा माणूस तरुण असतो. कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहार इथून आलेली जोडपी गणतीत धरली जातात आणि राज्याची सरासरी तरुण दिसते. ती बाजूला काढली तर आपली मूळ माणसे त्या आकड्याहून कितीतरी म्हातारी झाली आहेत. २०२७च्या फेब्रुवारीत माणसे मोजली जातील तेव्हा हे अधिकच उघड होईल, असे मला वाटते.

तुमच्या कुळागराचे, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेचेच घे. तुमच्या पाडेल्याला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, आता माडावर चढवत नाही, गुडघे गेले. त्याचा मुलगा बोटीवर आहे. गेल्या पाडपाला झारखंडचा एक पोरगा आला, यंत्र पायांत अडकवून सरसर वर गेला. काकी खाली उभी राहून त्याला कुठला नारळ तयार, कुठला अजून कोवळा आडसर ते ओरडून सांगत होती. त्याला तिचे अर्धेच कळत होते, पण नारळ बरोबर पडत होते. नंतर तिने त्याला वसरीवर बसवून पेज आणि लोणचे वाढले. त्याची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात आहे. ‘येरे येरे पावसा’ इतकी ठणठणीत म्हणते की बाकीची गप्प होऊन ऐकतात. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप बाहेरून आलेले आहेत. ती नसती तर आपली शाळा पटसंख्येअभावी केव्हाच बंद झाली असती. आणि तरी त्यांना ‘बाहेरची’ म्हणणारे लोक आहेतच. यांनाच उद्या आपल्याला दवाखान्यात न्यायचे आहे, आपली बागायत राखायची आहे, कदाचित पालखीला खांदाही द्यायचा आहे. त्यांना आपले म्हणायला आपण इतका वेळ का लावतो, ते मला समजत नाही.

आता काकीविषयी. तिचे म्हातारपण इथे कठीण आहे, हे खरे. हयातीचा दाखला द्यायला दर वर्षी बँकेत जावे लागते, दुपारच्या बसचा भरवसा नाही, आणि रात्री छातीत कळ आली तर बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ, लांब पडते. पण हे अडथळे दूर करता येण्यासारखे आहेत. पुण्याच्या सातव्या मजल्यावर तुम्ही दोघे सकाळी बाहेर पडलात की तिच्याशी बोलणार कोण? इथे ती अजून कुणालातरी हवी असते. रोज कोणीतरी तिला काही विचारायला येते.

माझे म्हणणे असे आहे. घर विकू नकोस. मागची दोन खोल्यांची पडवी त्या झारखंडच्या पाडेल्याच्या कुटुंबाला राहायला दे, रीतसर करार करून, वाजवी भाड्याने. त्याची बायको काकीसोबत रात्री असेल, त्याचे पैसे तिला वेगळे दे, उपकार म्हणून राबवून घ्यायचे नाही. वसरीवर दुपारी वाड्यातल्या एकट्या बायकांना एकत्र जेवता येईल. तांदूळ आणि भाजीचा खर्च आम्ही चार घरे मिळून उचलू. आरोग्य केंद्रातली नर्स महिन्यातून एकदा तिथेच येऊन रक्तदाब, साखर तपासून जाईल का, हे मी विचारले आहे. तिची तयारी आहे, वरिष्ठांची परवानगी तेवढी हवी.

काकीला यातले मी काही सांगितलेले नाही. आधी तू तिच्याशी बोल, आणि तिला काय हवे ते तिच्याच तोंडून ऐक. ती हो म्हणाली तर करारावर सही करायला चतुर्थीची वाट न बघता ये. वहिनीलाही आण, पडवीचे छप्पर पावसाआधी शाकारायचे आहे, त्याचा खर्च तिच्याशी बोलूनच ठरवू.

तुझा,
दत्ता