कागद कोणाच्या नावावर

प्रिय सोनू,

रविवारी रेंज गेली असं मी बाबांना सांगितलं. खरं म्हणजे फोन मीच कट केला. "आई, तू आता तलाठी नाहीयेस" हे लागलं रे मला. रिटायर होऊन चार वर्षं झाली हे मला ठाऊक आहे की. बोलायला गेले की आवाज चढतो म्हणून लिहितेय, मोबाईलवर एका बोटाने, चुका समजून घे.

आधी हे सांगते की तू तिकडे होमस्टेसाठी घेतोयस ती जागा मला आवडली. तो लाम्पुंगमधल्या क्रुईच्या किनाऱ्याचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, माड, मागे डोंगर, समोर ते लाटांवर फळी घेऊन उभे राहणारे गोरे लोक. बाबा म्हणाले पोरगं केळशी सोडून गेलं आणि सुमात्रात जाऊन परत केळशीच शोधली. तू २००० चौरस मीटर म्हणालास तेव्हा माझ्या डोक्यात लगेच सातबाऱ्यावरच्यासारखं हेक्टरमध्ये ०.२०.०० असं उमटलं, सवय जात नाही.

आणि मग तू म्हणालास की कागद तुझ्या त्या तिथल्या मित्राच्या, बांगच्या नावावर होणार. तिथून पुढचं मला काही ऐकूच आलं नाही.

मी काही तुला अडवत नाहीये. पण गूगल ट्रान्सलेट लावून तो इंडोनेशियाचा १९६० चा जमिनीचा कायदा वाचला, दोन रात्री. मजा वाटली, हाक मिलिक म्हणजे आपला हक्क आणि मिळकतच की, बुमी म्हणजे भूमी, भाड्याला सेवा म्हणतात. कलम २१ म्हणतं हाक मिलिक, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त त्यांच्या नागरिकाला. आणि कलम २६ तर असं आहे की परदेशी माणसाला आडमार्गाने जमीन दिली तर व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परत मागता येत नाहीत, सोनू. तुझी कॉफी कंपनीतली सहा वर्षांची कमाई आहे ती.

तू म्हणशील बांग भावासारखा आहे. असेल. मी कुठे म्हणतेय तो फसवेल.

तुला ते मुंबईचे काका आठवतात का, आपल्याकडे यायचे, तुला एकदा निळी सायकल आणली होती? त्यांच्याकडे शेतकरी दाखला नव्हता. म्हणून समुद्राकडची वाडी त्यांनी राखणदाराच्या नावावर घेतली. राखणदार देवमाणूस होता, एक नारळ इकडचा तिकडे केला नाही त्याने. आणि एका पावसाळ्यात गेला, ताप आला आणि चार दिवसांत गेला. मग वारस अर्ज आला, तीन मुलगे, दोन मुली, बायको. सगळं कायदेशीर. वारस नोंद मी घातली, माझ्या हाताने, सर्कल ऑफिसरनी मंजूर केली. काका माझ्या टेबलासमोर उभे होते, पावसाने भिजलेले, म्हणाले "बाई, तुम्हाला तर माहिती आहे ना कोणाची आहे ते." मला माहिती होतं. सातबाऱ्याला नव्हतं. तेव्हापासून ते आपल्याकडे आले नाहीत.

तेच तुझं तोंड मला दिसतं रे त्या टेबलासमोर, काय करू.

बरं, आता नाही बोलत ते. फक्त एवढंच की परवाना काढून राहणाऱ्या परदेशी माणसाला हाक पाकाई, म्हणजे वापराचा हक्क, मिळू शकतो, ३० वर्षांचा, पुढे वाढवूनही मिळतो, मुदतीचा का होईना पण तुझ्या नावावर. नाहीतर सरळ भाड्याने घे. होमस्टेचा धंदा करायचा तर बहुतेक कंपनीच काढावी लागेल, ते तिथल्या नोटरीला विचार. त्या पेरातिनची, म्हणजे गावप्रमुखाची चिठ्ठी आणि पाजाकची, म्हणजे कराची पावती दाखवतील, त्यावर जाऊ नकोस, आपल्याकडे पण लोक घरपट्टीची पावती छातीशी धरून येतात आणि म्हणतात हीच मालकी. जमिनीचं सर्टिफिकेट बघ, जमीन कार्यालयात जाऊन पडताळून घे. भरतीच्या रेषेपासून कमीत कमी १०० मीटर किनारपट्टी राखीव असते तिकडे, तर तुझी ती व्हिडिओतली झोपाळ्याची जागा नक्की कुठे येते? आणि विकणारा थोरला आहे की धाकटा? तिथल्या लोकांत घराची जमीन थोरल्या मुलाकडे जाते म्हणे, पण ती सगळ्या घराण्याची मानतात, म्हणजे आपल्या सहहिस्सेदारांसारखंच, एकाने सही केली आणि दुसरा कोयती घेऊन गडग्यावर उभा.

झालं, दिलं लेक्चर. सॉरी. तू सातवीत होतास तेव्हा मोजणीला तुला घेऊन गेले होते, भूकरमापकाने साखळीचं एक टोक तुझ्या हातात दिलं, तू एवढा ताठ उभा राहिलास की पायाला मुंग्या डसल्या तरी हललास नाहीस. घरी येऊन बघितलं तर पाय सुजलेले. मी बाबांना म्हटलं हा सरकारी नोकरीत जाणार. गेलास लाम्पुंगला.

खरं सांगू, मला तुझा अभिमानही वाटतो. ती राळेची झाडं तू सांगितलीस ना, दामार, लावल्यावर वीसेक वर्षांनी चीक देतात, म्हणजे लावायची बापाने आणि काढायची पोराने. तुझा आवाज सांगताना बदलला होता. निसर्ग वादळात २०२० ला आपल्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, आई परत लावू. आम्ही लावल्या. आता कुठे धरायला लागल्यात.

पण एक बोचतं. कागदावर तू नसलास तरी तिथे तू "पार्टी"च ना? आपल्याकडे मुंबईची गाडी थांबली की आम्ही म्हणायचो पार्टी आली. जमीन विकून त्याच जमिनीवरच्या रिसॉर्टला वॉचमन झालेले लोक मी बघितलेत, फेरफार माझ्याच अक्षरात आहेत. तिथला एअरपोर्ट वाढला की भाव चढणार म्हणतोस, सागरी महामार्ग होणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय.

भूकंपाचं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. किल्लारीनंतर साडेचार महिन्यांनी, फेब्रुवारी १९९४ ला तुझ्या वरच्याच लिवाला झाला होता, वाचलं मी. आणि मोठं हॉस्पिटल बंदर लाम्पुंग शहरात, सहा-सात तास, तेही वाघांच्या जंगलातून. बस, एवढंच. केळशीची वाळूची टेकडी पण त्सुनामीनेच झाली असं काही संशोधक म्हणतात, आणि आम्ही राहतोच आहोत.

आणखी एक. प्रत्येक फोटोत बांगची बहीण असते. तसं काही असेल तर सांग, मी रागावणार नाही, बाबांचं मी बघते. पण मग तर कागदाचं अजूनच बघायला हवं, परदेशी माणसाशी लग्न केलं आणि मालमत्तेचा वेगळा करार केला नाही तर तिचा स्वतःचा हाक मिलिकसुद्धा अडचणीत येतो. करार लग्नानंतरही करता येतो आता. बघ, परत कागदावरच आले. आणि पासपोर्टचं मी विचारत नाहीये. त्यांच्याकडेही दोन चालत नाहीत आणि आपल्याकडेही नाहीत, एवढं मला माहिती आहे.

बाबांची शुगर बरी आहे, काळजी नको. नारळ पाडायला माणूस मिळत नाहीये, माडावर नारळ सुकून आपोआप पडतायत, परवा पत्रा फुटला. सुमात्रात माकडाला शिकवून नारळ पाडून घेतात हे तुझं बाबांना पटलेलं नाही, म्हणतात आपली माकडं तर फुकट पाडतात आणि वर खाऊन जातात. त्याचा व्हिडिओ पाठव त्यांना.

आणि सर्टिफिकेटचा फोटो मला पाठव. दोन्ही बाजूंचा.

तुझी
आई