मित्रास पत्र: वाटीने मोजू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या खाण्याच्या नोंदींचे स्क्रीनशॉट पाहिले. अ‍ॅप रोज १५०० कॅलरी दाखवतंय, वजन महिनाभर जागचं हलत नाही, म्हणून तू अ‍ॅप बदलायला निघालायस. बदलू नकोस. बेरीज कुठलंही अ‍ॅप बरोबरच करतं, घोळ आपण त्यात काय भरतो तिथे आहे. 'एक वाटी आमटी, दोन पोळ्या, एक प्लेट पोहे' ही तुझी नोंद. पण वाटी कुणाची? अ‍ॅपची १५० ग्रॅमची असेल, तुमच्या घरची काठोकाठ भरली तर २०० च्या पुढे जाते. आणि आमटी वरणासारखी घट्ट की पातळ, हे अ‍ॅपला कुठून कळणार?

आधी ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आण. त्यावरचं 'टेअर' बटण म्हणजे भांड्याचं वजन शून्य करणारं. तेलासाठी ते उलटं वापरायचं: तेलाची बरणी काट्यावर ठेव, टेअर दाब, मग बरणी उचलून कढईत तेल ओत आणि परत ठेव. उणे १८ दिसलं की १८ ग्रॅम तेल गेलं. कढईच काट्यावर ठेवून वरून थेंब थेंब ओतू नकोस. इतका हळू वाढणारा भार बरेच काटे शून्य सावरताना गिळून टाकतात.

तेलाचं एवढं कौतुक अशासाठी, की तुझ्या नोंदींत ते कुठेच नाही. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४ कॅलरी देतात, स्निग्ध पदार्थ ९. चहाचा एक चमचा तेल म्हणजे ४० आणि पोह्याचा मोठा चमचा म्हणजे साधारण १२०. फोडणीत 'अंदाजाने' पडणारं तेल दिवसाच्या हिशोबात दोन-तीनशेचं भोक पाडतं. वडे तळताना कढईतलं तेल आधी आणि गार झाल्यावर मोज आणि फरक वड्यांच्या संख्येने भाग.

आता घरच्या पदार्थाची नोंद. अ‍ॅपमध्ये 'रेसिपी' किंवा 'माझे पदार्थ' असा भाग असतो, तो वापर. आमटीचं उदाहरण घे. कोरडी तूरडाळ १०० ग्रॅम (३३०), तेल २० ग्रॅम (१८०), गूळ १० ग्रॅम (३५), ओलं खोबरं १५ ग्रॅम (जवळजवळ ६०). सगळी मिळून ६०५. गोडा मसाला, चिंच, कोथिंबीर सोडून दे, त्यांनी फारसं बिघडत नाही. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा मोजून फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेव. आमटी झाली की भरलेलं पातेलं मोज. रिकामं ६४०, भरलेलं १५४०, म्हणजे आमटी ९०० ग्रॅम. 'किती जणांसाठी' विचारलं तर ९ लिही, म्हणजे एक वाढप १०० ग्रॅमचं, ६७ कॅलरीचं. पानात १७० ग्रॅम घेतलीस तर १.७ टाक. पुढच्या वेळी प्रमाण तेच असेल तर फक्त शेवटचं वजन बदलायचं.

पोळीचंही तसंच. ३०० ग्रॅम कोरडी कणीक आणि १५ ग्रॅम तेल, त्यात १२ पोळ्या झाल्या तर एक साधारण ९० ची. वरून अर्धा चमचा तूप लावलं की आणखी २०. मोठ्या हाताने त्याच कणकेच्या आठ लाटल्या तर एक पोळी १३५ च्या पुढे जाते. त्यामुळे नुसतं 'दोन पोळ्या' म्हणण्यात फार काही कळत नाही.

सगळ्यात महागात पडते ती कच्च्या-शिजलेल्याची गल्लत. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला साधारण ३५५, शिजलेला भात १३० च्या आसपास, कारण वाढलेलं वजन सगळं पाण्याचं. २०० ग्रॅम भात ताटात घेऊन कच्च्या तांदळाची नोंद निवडलीस तर २६० च्या जागी ७१० लागतात. उलट केलंस तर खाल्लेलं गायब. साबुदाण्याचीही गंमत हीच, भिजवून मोजू नकोस. कोरडा १०० ग्रॅम साबुदाणा, ४० ग्रॅम दाण्याचं कूट, २० ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा, की झाली जवळपास ८०० ची खिचडी. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते हिशोबालाही धरूनच आहे!

शोधल्यावर एकाच पदार्थाच्या दहा नोंदी येतात. बऱ्याच वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. निवडण्याआधी पडताळा घे: प्रथिनं आणि कर्बोदकं गुणिले ४, स्निग्ध गुणिले ९. समजा कांदेपोह्यांच्या नोंदीत प्रथिनं ५, कर्बोदकं ४५, स्निग्ध १२ आणि कॅलरी १८० लिहिल्या आहेत. हिशोब येतो ३०८. ती नोंद टाकून दे. दहा टक्के इकडेतिकडे चालतं, अन्नातल्या तंतूंमुळे (फायबर) तेवढा फरक पडतो. आपल्या कच्च्या जिनसांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते सगळ्यात भरवशाचे. नोंदीखाली त्यांचा उल्लेख असेल तर ती घे.

चहा विसरतोस, हे सांगायलाच हवं. फुल क्रीम दूध ६० मिली म्हणजे पन्नासेक आणि दोन चमचे साखर ४०. दिवसाला तीन कप, २७०.

खाण्याइतकाच, शरीर दिवसाला किती कॅलरी खर्च करतं तो आकडाही तपास. बहुतेक अ‍ॅप वजन, उंची, वय यांवरून तो काढतात. पुरुषांसाठीचं नेहमीचं सूत्र असं: वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५. ७८ किलो, १७० सेंमी, वय ४० धरून तुझे नुसत्या विश्रांतीत १६४८. बैठं काम म्हणून १.२ ने गुणलं की साधारण १९८०. तू 'थोडा सक्रिय' निवडलंयस, तिथे १.३७५ ने गुणून २२६५ होतात. वर घड्याळातल्या पावलांच्या कॅलरी अ‍ॅप पुन्हा जोडतंय, म्हणजे चालणं दोनदा मोजलं जातंय. 'बैठं' निवड किंवा पावलांची जोडणी बंद कर.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्याआधी घे, पण पाहायची ती सात दिवसांची सरासरी. आदल्या रात्री लोणचं-पापड झालं की पाण्यानेच किलोभर वाढतं. तीन आठवड्यांनी हिशोब मांड. एक किलो चरबीला ढोबळ ७७०० कॅलरी धर. आठवड्याला अर्धा किलो उतरायला हवं होतं आणि ३०० ग्रॅमच उतरलं, तर रोजची तूट ५५० नाही, ३३० आहे. उरलेले २२० नोंदीत हरवले की खर्च कमी आहे, हे शोधण्यात वेळ घालवू नकोस. रोजच्या कॅलरींच्या लक्ष्यातून वजा करून टाक.

काकूंनाही हे सुरू करून द्यायचं म्हणतोस. त्या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचार. डोस तोच ठेवून जेवण घटवलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

काटा आला की आधी आमटी आणि पोळी या दोनच रेसिपी भर आणि आकडे मला पाठव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश