कारागृहाचे दार उघडण्याआधी फोन वाजला पाहिजे

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

गुन्हेगार कारागृहाबाहेर येण्याआधी पीडितेला ते कळवले जावे, यासाठी हे पत्र. शिक्षा भोगणारा कैदी संचित रजेसाठी, म्हणजे फर्लोसाठी, अर्ज करतो तेव्हा तो रजेत जिथे राहणार त्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. पत्ता पडताळतात, जामीनदार बघतात. फिर्यादी स्त्री त्याच हद्दीत राहत असेल तर काही ठाणी तिचा जबाबही घेतात. ‘माझी हरकत आहे’, खाली सही. त्यानंतर रजा मंजूर झाली का, कोणत्या तारखेपासून, हे तिला कळवण्याचे काम बहुतेक गुन्ह्यांत कोणाचेच नाही. धास्तीने गाव सोडून ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली असेल तर जबाबाचाही प्रश्न येत नाही. जास्त घाबरलेलीलाच कमी कळते, अशी ही रीत आहे.

माहिती अधिकारात विचारावे तर उत्तराची मुदत ३० दिवस. तेवढ्यात कैदी आत परतलेला असतो. किंवा परतलेला नसतो, आणि तेही तिला ठाऊक नसते.

कायदा याबाबत अगदी मुका नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ मध्ये जामीन, सुटका, पॅरोल (अडचणीच्या कारणासाठी मिळणारी रजा) या सगळ्यांबाबत पीडितांना म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. उत्तर प्रदेशात आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच हक्क मान्य करून उच्च न्यायालयाने दिलेला जामीन रद्द केला. पण म्हणणे मांडायला आधी कळायला तर हवे!

त्यासाठी एक पानी ऐच्छिक नोंदणी अर्ज ठेवा. गुन्हा नोंदवताना एकदा आणि शिक्षा लागल्यावर पुन्हा विचारा, कारण मधल्या वर्षांत मोबाइल नंबर बदलतात. दोन नंबर घ्या: एक तिचा, एक विश्वासातल्या माणसाचा. हा कागद दोषारोपपत्राला जोडू नका. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मिळते, आणि तिचा नवा पत्ता आपणच त्याच्या हाती देऊन बसतो.

नुसत्या एसएमएसवर भागवू नका. कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणात तो फोन सासरच्या कोणाच्या हातात असू शकतो. संदेशात नाव-गाव नको, फक्त ‘या क्रमांकावर संपर्क साधा’ एवढेच असावे. तीनदा फोन करूनही उचलला नाही तर पोलिसाने घरी जावे, तेही साध्या कपड्यांत. नव्या वस्तीत दारात वर्दी दिसली की शेजारी चौकशा सुरू करतात.

रजा मंजूर झाली तर निदान ७२ तास आधी कळवा. जामिनात एवढा अवधी नसतो. सुटकेचा आदेश कारागृहाच्या जामीन पेटीत पडतो, कैदी दुसऱ्या गुन्ह्यात हवा आहे का ते तपासतात, आणि काही तासांत तो बाहेर येतो. हे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यानेच त्याच बैठकीत फोन लावावा. वेगळा कक्ष काढलात तर निरोप दुसऱ्या दिवशी पोहोचेल. पलायन किंवा रजेवरून न परतणे, यात तर मिनिटे मोजावी लागतात. कैद्याचा मृत्यू झाला तरी कळवा, कित्येक जणी त्यानंतरही वर्षानुवर्षे कुलपे बदलत राहतात.

यासाठी नवा कायदा आणायची गरज नाही. फर्लो-पॅरोलचे नियम अधिसूचनेने बदलता येतात. करोनाकाळात, ८ मे २०२० रोजी, कैद्यांना तातडीने बाहेर सोडण्यासाठी ते शासनाने बदलले होतेच.

आपले,
पीडितांसोबत काम करणारे काही वकील व समुपदेशक