मागचा होज

कोल्हापूर,
२२ जून

चि. सौ. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवलास तो रागानं ठेवलास, हे कळलं. मी ओरडायला नको होतं. दोन वर्षं रात्री जागून तू ती जुनी फोर्ड मस्टँग गाडी उभी केलीस, पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या चाकांवर गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणलीस, आणि माझ्या तोंडून काय निघालं, तर "अक्कल गहाण ठेवलीस काय?" तुझी आई असती तर तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला असता. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज चढतो, कागदावर चढायची सोय नाही. दादा पानांचे फोटो काढून पाठवेल.

ब्रेकबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तर आधी वेल्डिंग. फ्लोअरच्या नव्या पत्र्याचा तो फोटो मी अजून बोटांनी मोठा करकरून बघतोय. टाके एकसारखे, माशाच्या खवल्यागत एकावर एक बसलेले. डाव्या कोपऱ्यात तीन ठिकाणी पत्रा जळलाय, तिथं सीटच्या पट्टीखाली हात अवघडला असणार. बाकी माझ्या हाताखाली दहा वर्षं काढलेल्या पोरांनासुद्धा इतक्या पातळ पत्र्यावर असं जमत नव्हतं. उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर चौघांना दाखवला. एकजण म्हणाला, "जावई गॅरेजात असतात व्हय?" मी म्हटलं, जावई बँकेत असतात, वेल्डिंग लेक करते. चहाचे पैसे त्या दिवशी मीच दिले.

दहावीनंतर तुला गॅरेजात यायला मीच बंदी केली होती. सात वर्षांची असताना डब्यातले वायसर नंबरवार लावत बसायचीस, रॉकेलनं हात फुटायचे, तरी उठायची नाहीस. मग पोरगी मोठी झाली, लोक काय म्हणतील, वगैरे. आता अमेरिकेत संध्याकाळच्या वर्गाला पैसे भरून वेल्डिंग शिकलीस. जे घरात फुकट मिळालं असतं ते. असो.

इंजिनाचंही तू शिस्तीनं केलंस. बावीस वर्षं कुणाच्या कोठारात उभी असलेली गाडी, पहिला मोह होतो तो बॅटरी लावून सेल्फ मारायचा. तू आवरलास. आठही प्लग काढलेस, भोकांतून ऑइल सोडलंस, आठवडाभर मुरू दिलंस, मग क्रँकच्या बोल्टला लांब दांडा लावून हातानं फिरवलंस. ते "हललं, बाबा!" मला रात्री दोनला फोन करून सांगितलंस, ते मी कधी विसरायचो नाही. गंजलेल्या रिंगा घेऊन सेल्फ मारला असतास तर सिलिंडरला ओरखडे पडून सगळं इंजिन उतरवायला लागलं असतं. एअर फिल्टरात उंदरांचं घर, टाकीत काकवीसारखं झालेलं पेट्रोल, ते सगळं व्हिडिओवर बघितलं. तो वास मला इथं आला.

मस्टँगला मी आयुष्यात हात लावलेला नाही. आमच्या हातून गेल्या त्या शेवरलेट, डॉज, प्लायमाउथ. आमचे उस्ताद कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज जोडायला होते, त्याआधी त्यांचे वडील शिवडीला जनरल मोटर्समध्ये. अमेरिकन गाडीचं पहिलं शहाणपण त्यांचंच. तुझ्या गाडीच्या नंबराचा अर्थ दादानं मला वाचून सांगितला. ६ म्हणजे १९६६, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं व्ही-एट, दोन बॅरलच्या कार्बोरेटरचं. तुझ्या घरापासून तासाभराच्या आत बांधलेली गाडी. त्या साली मी सतरा वर्षांचा होतो आणि उस्तादांच्या हाताखाली ब्रेकचे ड्रम पुसत होतो.

ड्रम म्हटलं की आलंच ते.

१९६६ च्या मस्टँगला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा पंप, एका खणाचा. चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेनं जातं. कुठंही गळती लागली, एका चाकाशी जरी, की चारही चाकं गेली. फोर्डनं १९६७ च्या गाडीला दोन खणांचा दिला, पुढचं वेगळं, मागचं वेगळं, आणि १९६८ पासून तर तिकडच्या कायद्यानंच सगळ्या मोटारींना तसं सक्तीचं केलं. म्हणजे तुझी गाडी एका वर्षानं हुकली. ६७ च्या ड्रमवाल्या गाडीचा मास्टर सिलिंडर तुझ्या गाडीला बसवतात, पाइप थोडे बदलावे लागतात. तू म्हणतीस, "गाडी जशी होती तशी ओरिजिनल ठेवतो." ठेव की. रंग ओरिजिनल ठेव, रेडिओ ओरिजिनल ठेव.

आणि रविवारी तू एका दमात दोन गोष्टी बोललीस. "पेडल जरा खाली जातंय, पण लागतो ब्रेक. पुढचे दोन होज नवे टाकले, मागचा दिसायला चांगला होता म्हणून ठेवला." होज म्हणजे ब्रेक ऑइल नेणारी रबराची नळी; त्या दुसऱ्या वाक्यावर माझं डोकं फिरलं. पेडलचं नव्हे.

पेडलचं आधी सांगतो, ते सोपं आहे. इंजिन बंद असताना पेडल दाबायचं आणि तसंच धरायचं. साठ आकडे मोज. पायाखाली हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठं थेंब दिसत नसला, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर ऑइल सोडतंय. दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं, तर ड्रमला आतून घासणारे शू लांब राहिलेत, नाहीतर एअर राहिलीय. पायाला स्पंजासारखं मऊ लागलं की एअर समज. तुझ्या गाडीला शू आपोआप अॅडजस्ट होतात, पण गाडी मागं घेत ब्रेक मारला तरच. तू ती अजून धड मागं घेतलीच नसशील. मोकळ्या जागी दहा-बारा वेळा मागं घे आणि दाब. एवढ्यानं वर आलं तर मी देवाला पेढे ठेवीन.

बघ, लिहायचं नाही म्हटलं आणि दीड पान झालं. तू इंजिनिअर आहेस, मी नववी नापास. तुला हे ठाऊक नाही असं मला वाटत नाही. म्हातारा बोलतो म्हणून ऐकून घे, नाही पटलं तर सोड.

सोडू नको पण.

जावईबापूंना मी विचारलं, तिकडं गाडीची तपासणी कोण करतं. म्हणाले, मिशिगनमध्ये तशी दरवर्षीची तपासणी नसतेच. इथं पंधरा वर्षं झाली की आरटीओत उभं राहून फिटनेस घ्यावं लागतं. साहेब बोनेटसुद्धा उघडत नाही हा भाग वेगळा, पण निदान माणसाला तारखेची भीती असते. तिकडं सगळं तुझ्याच मनावर.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा असतो, १९९५ पासून, फर्नडेलपासून पाँटिॲकपर्यंत रस्ता नुसता गाड्यांनी भरतो, हे सगळं तू सांगितलंस. चिमीला मागं बसवून न्यायचंय म्हणालीस. गर्दीत सारखं थांबायचं आणि सरकायचं, दिवसभर ब्रेक दाबून ड्रम तापणार. ऑइलनं पाणी धरलं असेल तर ते उकळतं आणि पेडल जमिनीला जातं. ऑइल दरवर्षी-दोन वर्षांनी पालटायचं ते याच्यासाठी. तुझ्या गाडीची पेट्रोलची टाकी म्हणजेच डिकीचा तळ, आणि डिकी नि मागच्या सीटच्या मधे लोखंडी भिंत नाही, हे दादानं वाचून दाखवलं तेव्हापासून मला ती सीट डोळ्यांसमोर येते. पट्टा तोही नुसता कमरेचा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल, ते बघितलेस का? नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर आतून सुटतं.

रबराचं असंच असतं. वापरून झिजतंच, पण नुसतं उभं राहूनही मरतं.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. काकांचा डावा हात असा का आहे, तुला माहीत आहे. आंब्यावरनं पडले. घरात सगळ्यांना तेच माहीत आहे, तुझ्या आईलाही तेच माहीत होतं.

१९७३ चा मे महिना. रत्नागिरीच्या एका गिऱ्हाइकाची पन्नास सालची शेवरलेट आमच्याकडं ब्रेकच्या कामाला आली होती. चारही चाकांची रबरं मी बदलली, पुढचे होज बदलले. मागचा बाहेरून चांगला दिसत होता. वाकवून बघितला तेव्हा मुळाशी केसाएवढ्या दोन चिरा दिसल्या. दुकानात त्या मापाचा होज नव्हता, मुंबईहून यायला चार दिवस, आणि गिऱ्हाइकाला लग्नाला गाडी पाहिजे. उस्तादांनी अंगठा पुसत पुसत विचारलं, "मागचा टाकलास ना?" मी हो म्हटलं.

गाडी पोचवायला मीच निघालो. काका तेव्हा कॉलेजात, समुद्र बघायचा म्हणून शेजारी बसले. आंबा घाट अर्धा उतरलो आणि एका वळणावर पेडल गेलं. खाली गेलं म्हणजे काय, पायाखाली काही नव्हतंच. पंप केलं, काही नाही. पुढचे होज नवे, रबरं नवी, सगळं नवं, आणि एका जुन्या होजातून सगळं ऑइल रस्त्यावर. हातब्रेक ओढला, गिअर खाली पाडला, गाडी गुरगुरली पण थांबेना. समोर एसटी चढत होती. मी गाडी डाव्या अंगाला, डोंगरावर घातली. काकांच्या बाजूला.

उस्तादांना काकांनीच सांगितलं, होज नवाच होता, खराब निघाला. आणि मला म्हणाले, घरी मी बघतो. बावन्न-त्रेपन्न वर्षं झाली. त्यानंतर माझ्या गॅरेजातून एकही गाडी जुन्या होजावर बाहेर गेली नाही. पोरं मला मागं 'होजवाला' म्हणत, ते यामुळं. गिऱ्हाइकं भांडली, मी पदरचे पैसे घातले.

म्हणून ओरडलो. तुला अक्कल नाही म्हणून नव्हे. तू अगदी माझं वाक्य बोललीस म्हणून.

होज बदललास की फोटो पाठव. आणि गाडी चालू असतानाचा आवाज पुन्हा एकदा पाठव, रविवारी मी ओरडण्याच्या नादात नीट ऐकला नाही. एक सिलिंडर मधूनच चुकतोय असं वाटलं, पण ते नंतर. चुकणाऱ्या सिलिंडरनं कुणी मरत नाही.

जावईबापूंना नमस्कार, चिमीला गोड पापा. इकडं पाऊस बरा आहे.

तुझे
बाबा

ता. क. पत्र पाठवण्याआधी काकांना वाचून दाखवलं, त्यांना विचारल्याशिवाय कसं सांगायचं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिही तिला, मी खोटं कुठं बोललो? आंब्यातच पडलो की." आणि हसत बसले.

होज एकूण तीन असतात. मागचा धरून.